लिफ्टवर मस्त, रस्त्यावर ठकठक: जुन्या गाडीच्या सायलेन्सरबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेली पत्रं बहुतेक सगळी एकाच विषयावर आहेत, सायलेन्सरचा पाइप. थंडी पडली की नागपुरात जुन्या गाड्या बाहेर निघतात, उन्हाळ्यात झाकून ठेवलेली गाडी लोक धुऊनपुसून फुटाळा तलावापर्यंत नेतात आणि तेव्हाच खालून काय काय वाजतंय ते कळतं. पाच पत्रं घेतोय. महाल भागातल्या वाचकांच्या पत्राला जास्त जागा देतोय, कारण त्यांची तक्रार समजली की निम्म्या लोकांची आपोआप सुटेल.

प्रश्न: नमस्कार भाऊ. आजोबांची १९६७ ची अँबेसेडर मार्क टू आहे आमच्याकडे, वाड्यात उभी असते. जुना पाइप पार सडला होता म्हणून दिवाळीच्या आधी मॅनिफोल्डपासून (इंजिनाला जिथं पाइप जोडतो तिथून) मागच्या टोकापर्यंत सगळा नवीन बनवून घेतला. लिफ्टवर पाहिला तेव्हा कुठंच काही लागत नव्हतं, मस्त दिसत होता. पण रस्त्यावर आणली तर मी एकटा असलो की ठीक, मागं दोन माणसं बसली की दर स्पीडब्रेकरला मागून ठक्क असा आवाज येऊन राहिला. आणि गाडी गरम झाली की पायाखाली घरघर सुरू होते, थंड असताना नाही. दोनदा क्लॅम्प आवळून आणले, घरघर वाढलीच. मिस्त्री म्हणतो जुनी गाडी आहे, एवढं चालते. खरंच चालते का? (महाल)

उत्तर: नाही चालत काका. आणि दोन आवाज आहेत, दोन्हीची कारणं वेगळी आहेत, ती एकत्र केली म्हणून क्लॅम्प आवळून काही झालं नाही.

आधी ठक्क. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, "लिफ्टवर पाहिला तेव्हा". दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी बॉडीला धरून उचलतात, चाकं हवेत लोंबतात, आणि मागचं हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधला लोखंडी आस) स्प्रिंगच्या पाट्यांसकट जितकं खाली जाऊ शकतं तितकं खाली जातं. म्हणजे हाउसिंग आणि फ्लोअर यांच्यात जेवढी जास्तीत जास्त जागा होऊ शकते तेवढी तेव्हा दिसते. मिस्त्रीनं ती जागा बघून पाइप हाउसिंगवरून वळवला, सुंदर वळवला असेल, पण गाडी जमिनीवर उतरली की हाउसिंग वर आलं, मागं दोन माणसं बसली की अजून वर, आणि स्पीडब्रेकरला ते पार बम्प रबरला, म्हणजे बॉडीखालच्या रबरी ठोकळ्याला, जाऊन टेकतं. मध्ये पाइप आहे. तो मार खातोय, आणि तुम्ही म्हणताय ठक्क.

खात्री करायची असेल तर मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या, नसेल तर घट्ट मळलेली कणीकही चालते, पाइप थंड असताना हाउसिंगच्या बरोबर वर पाइपच्या पोटाला अंगठ्याएवढा जाड थर लावा, मागं दोन माणसं बसवा आणि एकच स्पीडब्रेकर हळू पार करून परत या. खाली वाकून बघा. क्लेवर हाउसिंगचा गोल ठसा उमटलेला असेल, आणि बाजूला पाइपवर नाण्याएवढा एक डाग चकचकीत झालेला दिसेल, आजूबाजूला काळपट आणि तेवढाच भाग घासून चांदीसारखा. तो डाग दिसला की दुसरं काही शोधत बसू नका.

आता किती जागा हवी? गाडी चारही चाकांवर सपाट जागी उभी करा, रिकामी. हाउसिंगपासून बम्प रबरपर्यंतचं अंतर मोजा, समजा ७५ मिलिमीटर आलं. म्हणजे हाउसिंग अजून ७५ वर येऊ शकतं, आणि रबर दबतं त्याचं थोडं वेगळं. तर त्याच अवस्थेत हाउसिंग आणि पाइप यांच्यात किमान १०० तरी पाहिजे. ७५ मध्ये २५ मिळवले, एवढाच हिशोब आहे, पण तो गाडी चाकांवर असतानाच होतो. म्हणून मी नेहमी सांगतो, पाइप बनवायचा तर गॅरेजच्या खड्ड्यावर (ज्यात उतरून खालून काम करतात) किंवा चाकं टेकतात अशा रॅम्पवर. लिफ्टच असेल तर हाउसिंगखाली घोड्या (स्टँड) लावून गाडीचं वजन त्यांच्यावर येऊ द्या, मग माप घ्या. आणि पाइप टायरच्या जवळून जात असेल तर वळणावर गाडी कलते तेही धरा, सरळ रस्त्यावर बोटभर वाटणारी जागा वळणावर राहत नाही.

आता घरघर. पाइप गरम झाला की लांब होतो. तीन मीटरचा साधा लोखंडी पाइप सरासरी ३०० अंशांनी तापला तर साधारण ११ मिलिमीटर वाढतो, स्टेनलेसचा (३०४ ग्रेड) तर १५ च्या वर. पुढचं टोक मॅनिफोल्डला बांधलेलं आहे, म्हणजे ही सगळी वाढ मागं सरकते. तुमचा पाइप बहुतेक मधल्या कुठल्यातरी क्रॉसमेंबरच्या (फ्लोअरखालच्या आडव्या पट्टीच्या) किंवा फ्लोअरच्या इतका जवळ आहे की थंड असताना सुटा आणि गरम झाला की टेकलेला. आणि क्लॅम्प आवळले की त्याला सरकायला उरलीसुरली जागाही गेली, तो कमानीसारखा वर उचलला गेला, म्हणून आवाज वाढला.

पाइपला घट्ट बांधायचं नसतं, टांगायचं असतं. इंजिन रबर माउंटिंगवर हलतं, बॉनेट उघडून कुणालातरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगा, इंजिन एका बाजूला कसं झुकतं ते दिसेल. म्हणून पाइपचा पुढचा भाग इंजिन-गिअरबॉक्ससोबत हलला पाहिजे, तिथं क्लॅम्प असेल तर तो गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटवर, बॉडीवर नाही. त्याच्यामागचा सगळा भाग रबरवर लोंबता. पुढं एक कडक क्लॅम्प बॉडीला मारला तर इंजिनचा सगळा हिसका मॅनिफोल्डच्या स्टडवर (जोडणाऱ्या बोल्टवर) येतो, सांध्यातलं गॅस्केट फुंकतं, आणि मॅनिफोल्ड बिडाचं आहे, एक दिवस तडकतं. ते परत मिळवायला किती महिने जातात हे ज्यांनी शोधलंय त्यांनाच माहीत. हँगरला जुन्या टायरच्या कॅनव्हासच्या पट्ट्या उत्तम चालतात, आपल्याकडे वर्षानुवर्षं तेच लावत आलेत. लावताना थंड पाइपवर पट्टी थोडी इंजिनच्या बाजूला कललेली ठेवा, गरम झाला की सरळ होते.

तर करायचं असं: सगळे क्लॅम्प सैल करा, हाउसिंगवरचा तुकडा कापून नवीन वळवून घ्या, आधी फक्त टाके मारून बसवा, पूर्ण वेल्डिंग नाही. चार माणसं बसवून बघा, हलवून बघा, मग गाडी गरम करून बघा. सगळं सुटं आहे याची खात्री झाली की काढून पक्कं वेल्डिंग, आणि आवळायला सुरुवात मॅनिफोल्डकडून, मग मागं मागं. स्टडला पितळी नट लावा, लोखंडी नट गरमीनं जाम होतो आणि पुढच्या वेळी स्टडच मोडून येतो.

मार्गाचं म्हणाल तर तुमच्या १४८९ सीसी इंजिनाला मॅनिफोल्ड डाव्या बाजूला आहे, स्टिअरिंग उजवीकडे, ही देणगी समजा. पाइप जमेल तेवढा डावीकडेच ठेवा, उगाच जॉइंटखालून (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याखालून) पलीकडे नेऊ नका. हँडब्रेकची केबल, पेट्रोलची नळी आणि ब्रेकची नळी यांच्यापासून लांब ठेवा. ब्रेकच्या नळीचं मी जरा जोर देऊन सांगतो. आमच्या घरच्या गाडीला आम्ही असाच पाइप नवीन केला होता, ब्रेकच्या नळीपासून जेमतेम बोटभर, आणि मे महिन्यात वर्ध्याहून परत येताना बुटीबोरीच्या अलीकडे मी ब्रेक दाबला तर पॅडल सरळ खाली, फ्लोअरला. हँडब्रेकवर आणि गिअरवर कशीबशी बाजूला घेतली, मागं आई बसली होती. तासाभरानं पॅडल आपोआप परत आलं, जणू काही झालंच नाही. नळीतलं ऑइल उकळलं होतं, दुसरं काही नाही. डॉट ३ दर्जाचं नवीन ब्रेक ऑइल २०५ अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि तसं ओढलेलं जुनं ऑइल १४० च्या आसपासच उकळू शकतं. पाइप जवळ असला तर तेवढी उष्णता सहज मिळते. जागाच नसेल तर मध्ये पत्र्याचं शील्ड लावा, पत्रा आणि नळी यांच्यात १० मिलिमीटर हवा खेळती ठेवून. कुणी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी किंवा कापड गुंडाळून देतो म्हटलं तर नको म्हणा, त्याची धूळ फुफ्फुसात जाते आणि कॅन्सर होतो, ते आता गॅरेजमध्ये असूच नये.

प्रश्न: फियाट ११०० आहे. आमचा फॅब्रिकेटर म्हणतो लोहाओळीतून (लोखंडाच्या बाजारातून) जीआय पाइप आणून देतो, गंजणार नाही आणि जाड आहे. आणि दोन इंची टाकू म्हणतो, पिकअप वाढतो म्हणे. टाकू का? (कामठी रोड)

उत्तर: दोन्हीला नाही. जीआय म्हणजे नळाचा पाइप, वरून जस्ताचा थर. वेल्डिंग करताना ते जस्त जळतं, पांढरा धूर निघतो, आणि तो धूर घेतलेल्या माणसाला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, वेल्डिंगवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. वेल्डच्या जागी जस्त उडून गेलेलं असतं म्हणजे गंज तिथूनच लागणार. शिवाय तो इतका जड की हँगर तुटत राहतील. साधा काळा १६ गेजचा पाइप घ्या, पैसे असतील तर स्टेनलेस.

आकाराचं सांगायचं तर तुमचं इंजिन १०८९ सीसी आहे. मॅनिफोल्डच्या फ्लँजचं आतलं भोक मोजा, पाइप आतून तेवढाच असू द्या. फार मोठा केला तर आतल्या धुराचा वेग पडतो, एका सिलेंडरचा धूर जाताना जी ओढ तयार होते ती कमी होते, आणि गाडी खालच्या गिअरमध्ये मरगळते. आवाज मोठा येतो म्हणून पिकअप वाढल्यासारखं वाटतं एवढंच. मागं जाता जाता धूर थंड होतो, आकसतो, त्यामुळे शेपटीला पाइप मोठा करायची तर अजिबात गरज नाही.

वळवायचा कसा हे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, कारण चेपलेलं वळण म्हणजे तिथं पाइप निम्मा बंद. बेंडिंग मशीन नसेल तर पाइपात वाळू ठासून भरा, दोन्हीकडे लाकडी गुट्टे ठोका, गॅसवर लाल करून हळूहळू वळवा. वाळू कढईत भाजून पूर्ण कोरडी केलेली पाहिजे. ओली राहिली तर आत वाफ होते आणि गुट्टा बंदुकीसारखा उडतो, समोर कुणी उभं राहायचं नाही.

आणि सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं एक बारीक भोक पाडा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, लांब गेलात तर वाफ होऊन निघून जातं, पण तुमच्यासारखं रविवारी एक चक्कर मारून गाडी परत ठेवली की ते सायलेन्सरमध्ये साचतं आणि आतून खातं. बाहेरून रंग छान आणि बोटानं दाबलं तर आत जातं, असे कितीतरी सायलेन्सर मी काढलेत.

प्रश्न: उन्हाळ्यात दुपारी व्हरायटी चौकातल्या सिग्नलला गाडी बंद पडते, वीस मिनिटांनी सुरू होते. अँबेसेडरच आहे. पाइप जवळून गेल्यामुळे पेट्रोल उकळतं असं म्हणतात, खरं का? (धरमपेठ)

उत्तर: खरं असू शकतं, पण आधी स्पार्क बघा. इग्निशन कॉइल तापून बसली तरी हेच होतं, थंड झाली की परत चालू. बंद पडल्या पडल्या प्लगची वायर काढून ठिणगी बघा, ठिणगी चांगली असेल तरच पेट्रोलच्या मागं लागा.

तुमच्या इंजिनाला दोन्ही मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारं आणि धूर बाहेर काढणारं) एकाच बाजूला आहेत आणि कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलाय. चालत्या गाडीत हवा लागते, सिग्नलला थांबली की सगळी गरमी वर. नागपूरची ४५ अंशांची दुपार, त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, जे ७८ अंशांनाच उकळतं. कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटचा ठोकळा आणि पत्र्याचं शील्ड आहे का बघा, गॅरेजमध्ये उघडलं की हे दोन्ही परत लावायचं राहून जातं. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून आणि खाली जाणाऱ्या पाइपपासून चार बोटं तरी लांब न्या, आणि रबरी नळ्या सगळ्या इथेनॉल झेलणाऱ्या नवीन टाका, जुन्या आतून भुसभुशीत होतात. मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळू नका. बिडाला ती गरमी कोंडून ठेवते, खाली ओल धरते, आणि तडा जातो.

प्रश्न: १९७० ची गाडी आहे, व्हिंटेज नंबर घ्यायचा आहे. सायलेन्सर बदलला तर अडचण येईल का? (मनीषनगर)

उत्तर: जुलै २०२१ ला केंद्रानं जे नियम काढले त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी-चारचाकी धरतात, नंबरात व्हीए येतं, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. सडलेला पाइप बदलणं म्हणजे फेरफार नाही. पण पाइपला जागा व्हावी म्हणून फ्लोअर कापलं, क्रॉसमेंबरला खाच मारली, तर तो बॉडीतला बदल आहे, आणि या गाड्यांत बॉडी हीच चासी असते तेव्हा गाडी कमजोरही होते. पाइप वळवा, गाडी कापू नका. आणि हा नंबर घेतला की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही हे घरात आधी बोलून घ्या.

प्रश्न: दादा, नवरा आणि मी मुलांना घेऊन जुनी फियाट काढतो. मागं बसलं की मुलांचं डोकं दुखतं, लहानी परवा रामटेकहून येताना झोपूनच गेली आणि उठल्यावर उलटी झाली. मला वाटलं गाडी लागली. नवरा म्हणतो जुन्या गाडीत थोडा वास येतोच. मागची काच खाली केली तर वास वाढतो. पाइप नवीनच आहे, थोडा आखूड केला होता कारण बम्परखालून दिसायचा. (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर पाठवलंय, इथं छापतोय ते इतरांसाठी.

हे गाडी लागणं नाही असंच मी धरून चालेन. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, तुम्हाला येतो तो वास पेट्रोलचा आणि बाकीच्या धुराचा. हा वायू रक्तात ऑक्सिजनच्या जागी बसतो आणि ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट धरून ठेवतो. डोकेदुखी, गुंगी, उलटी हीच त्याची सुरुवात. मुलांना आधी आणि जास्त होतो. मुलांना त्रास झाला त्या दिवसाचं सगळं डॉक्टरांना सांगा, गाडीतल्या धुरासकट.

पाइप आखूड केला हेच कारण वाटतंय. गाडी चालताना तिच्या मागं हवेचा दाब कमी होतो, धूर तिथंच घोटाळत राहतो, आणि पाइपचं तोंड डिकीखाली संपत असेल तर तो डिकीच्या रबरातून, फ्लोअरच्या भोकांतून आत ओढला जातो. मागची काच उघडली की अजून जास्त. पाइप बम्परच्या बाहेर दोन इंच तरी निघाला पाहिजे, दिसला तर दिसू द्या.

त्यासोबत गळती बघा. इंजिन थंड असताना, उघड्या जागी गाडी सुरू करा, जाड हातमोजा घालून जाड फडकं घडी करून पाइपच्या तोंडावर दोन-चार सेकंद दाबा, आणि दुसऱ्या माणसाला खाली कान लावायला सांगा. इंजिन गुदमरायला लागलं तर पाइप ठीक. आरामात चालत राहिलं आणि फुस्स फुस्स आवाज आला तर जिथून येतो तिथं गळतंय, खडूनं खूण करा. जॉइंटपाशी काजळी दिसेल तीही गळतीचीच. मग फ्लोअरचं मॅटिंग काढा, सीट काढा, दुपारच्या उन्हात गाडी उभी करून आत बसा आणि खाली बघा, जिथून उजेड येतो तिथून धूरही येतो. जुन्या वायरच्या भोकांतले रबरी ग्रोमेट (वायरीभोवतीच्या चकत्या), पत्रा सडून झालेली भोकं, डिकीच्या कडेचं रबर, सगळं बंद करून घ्या. डिकीचं रबर तपासायला कागदाची पट्टी मध्ये धरून झाकण लावा, पट्टी सहज ओढून निघाली तर तिथं रबर बसत नाही.

हे सगळं होईपर्यंत गाडी काढू नका. काच उघडी ठेवून जाऊ, हळू जाऊ, जवळच जाऊ, असं काहीच नको. झाल्यावर आधी तुम्ही दोघं अर्धा तास फिरून या, मागच्या सीटवर एकजण बसून, आणि डोकं ठीक राहिलं तरच मुलांना बसवा. तोवर त्यांना स्कूटरवर न्या.